बाप्तिस्म्याच्या वहीतला वादक : लुई आर्मस्ट्राँग ह्यांचे अल्पचरित्र

महोत्सवाच्या ह्या स्मरणिकेत एखाद्या संताचे किंवा आपल्याच भूमीतील कोण्या थोर धर्मगुरूंचे चरित्र वाचावयास मिळेल अशी पुष्कळ वाचकांची अपेक्षा असेल. त्याऐवजी आम्ही समुद्रापलीकडील एका वादकाची, त्यातही जॅझ नावाच्या संगीतातील वादकाची कथा सांगावयास बसलो आहो, ह्याचे काहींस नवल वाटेल. त्याचे कारण सांगतो. महोत्सवाच्या तयारीसाठी आम्ही देवळाच्या कपाटातील जुनी नोंदपुस्तके बाहेर काढली, त्यांवरील धूळ झाडली आणि फिकट झालेली अक्षरे भिंगाखाली धरून वाचू लागलो. तेव्हा आम्हांस ज्या गृहस्थाचे स्मरण झाले, त्यास आपला खरा जन्मदिवस आयुष्यभर ठाऊक नव्हता. तो ठाऊक होता एका देवळातील बाप्तिस्म्याच्या वहीस. आणि ती वही कोणी उघडून पाहीपर्यंत तो गृहस्थ मरून बरीच वर्षे लोटली होती.

लुई आर्मस्ट्राँग हे त्याचे नाव. अमेरिकेच्या दक्षिणेस, मिसिसिपी नदी समुद्रास मिळते त्याच्या अलीकडे वसलेले न्यू ऑर्लिन्स हे त्याचे नगर. हे नगर फ्रेंचांनी १७१८ साली वसविले, पुढे ते काही काळ स्पॅनिश अमलाखाली गेले आणि १८०३ साली अमेरिकेने ते विकत घेतले. त्यामुळे अमेरिकेतील इतर नगरांहून ह्याची तऱ्हा निराळी राहिली. येथे कॅथलिक धर्माची मुळे खोल गेली होती. राखेच्या बुधवारापूर्वीचा मंगळवार येथे मिरवणुकांनी गाजे, आणि आजही गाजतो. गोव्यातील इंत्रूज ज्यांनी पाहिला असेल त्यांस ह्याची कल्पना येईल. पण ह्याच नगरात गुलामांचा मोठा बाजार भरत असे हेही विसरता येत नाही. रविवारी गुलामांस थोडी मोकळीक मिळे, तेव्हा ते एका मैदानात जमून आफ्रिकेतील आपले ढोल वाजवीत व नाचत. त्या मैदानास काँगो चौक असे नाव पडले. एकीकडे हे ढोल, दुसरीकडे लष्करी बँडची शिंगे, तिसरीकडे देवळातील स्तोत्रे, आणि शेतमजुरांची विरहगीते: ह्या सर्वांच्या मिश्रणातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जे संगीत निपजले, त्यास पुढे जॅझ म्हणू लागले.

ह्या नगरातील एक रिवाज येथेच सांगून टाकतो, कारण त्यावाचून पुढील कथा नीट कळणार नाही. तेथील कृष्णवर्णीय गरिबांनी परस्परसाहाय्याची मंडळे स्थापिली होती. सभासदाने नियमित वर्गणी द्यावयाची. तो आजारी पडला तर मंडळाने औषधपाणी करावयाचे आणि मेला तर त्याचा दफनविधी इतमामाने करावयाचा. आपल्याकडील जुन्या कॉन्फ्रारियांचे कामही पुष्कळसे असेच असे. शवपेटी घेऊन निघाले म्हणजे बँडवाले अगदी संथ लयीत स्तोत्रे वाजवीत चालत. प्रेत मातीस लागले, धर्मगुरूंची प्रार्थना संपली, की परततांना हाच बँड द्रुत लय धरी आणि मागून चालणारे लोक छत्र्या व हातरुमाल नाचवीत रस्ताभर पदन्यास करीत येत. ज्यांनी हे प्रथमच पाहिले त्यांस त्यात अनादर वाटला. आम्हांस मात्र शुक्रवार व रविवार एकाच वाटेने चालल्यासारखे वाटते.

आता त्या वहीकडे वळू. नगरातील कॅनाल स्ट्रीटवर येशूच्या पवित्र हृदयाचे देऊळ होते. तेथील लॅटिन भाषेतील नोंदीप्रमाणे २५ ऑगस्ट १९०१ रोजी लुई नावाच्या बालकास बाप्तिस्मा दिला गेला. त्याचा जन्म त्याच महिन्याच्या ४ तारखेस झाला होता. नोंद करणाऱ्याने बालकाच्या नावापुढे आणखी दोन गोष्टी लिहिल्या: एक, ते कृष्णवर्णीय आहे, दुसरी, ते विवाहबाह्य जन्मास आले आहे. ज्या तीर्थाने सर्व भेद धुऊन निघावेत, त्याच तीर्थाच्या वहीत तीन आठवड्यांच्या बालकावर हे दोन शिक्के बसावेत, हे वाचून आमच्यासारख्या, रोज तसल्याच वहीत लिहिणाऱ्या माणसाची मान खाली जाते. तत्कालीन पद्धतच तशी होती असे म्हणून सुटका करून घेता येईल. पण आम्ही ती घेऊ इच्छीत नाही. तरीसुद्धा त्या लिहिणाऱ्याचे एक ऋण मानावे लागते, की त्याने तारीख बिनचूक लिहिली.

बालकाचा बाप विल्यम घर सोडून गेला. आई मेॲन ही अगदी तरुण, मोलमजुरी करणारी, आणि पोटासाठी काय काय करीत होती ह्याची चौकशी चरित्रकारांनी पुष्कळ केली आहे. आम्ही करीत नाही. पहिली काही वर्षे आजी जोसेफिन हिने नातवाचा सांभाळ केला. पुढे आई व धाकटी बहीण बिॲट्रिस ह्यांजबरोबर तो नगराच्या अशा भागात वाढला, की तेथील मारामाऱ्यांमुळे लोक त्यास रणभूमी म्हणत. आईबरोबर तो ज्या प्रार्थनामंदिरात जाई ते कॅथलिक नव्हते. तेथे लोक टाळ्या वाजवून, अंग डोलवून गात, आणि आपण गावयास तेथेच शिकलो असे तो पुढे सांगे. म्हणजे कॅथलिक म्हणून त्याचे जीवन बाप्तिस्म्याच्या दिवशीच सुरू झाले आणि जवळजवळ तेथेच थांबले. त्यास आपल्या पंगतीत ओढून बसविण्याचा आमचा मुळीच हेतू नाही.

त्या दिवसांत लुईस आधार दिला तो लिथुएनियाहून आलेल्या कार्नोफ्स्की नावाच्या एका यहुदी कुटुंबाने. जुनेपाने सामान व कोळसा विकण्याचा त्यांचा धंदा होता. लुई त्यांच्या गाडीवर बसे आणि गिऱ्हाइकांस हाक घालण्यासाठी पत्र्याचे शिंग फुंकी. संध्याकाळी ते कुटुंब त्यास आपल्या घरी जेवू घाली. गहाणवटीच्या दुकानात पाच डॉलरांस एक जुने कॉर्नेट विकावयास होते. ते घेण्यासाठी त्यांनीच त्यास उसने पैसे दिले. स्वतः ते यहुदी, गोऱ्यांतही तुच्छ लेखले जाणारे. त्यांचे हे वागणे तो कधीही विसरला नाही. पुढे त्याच्या गळ्यात यहुदी लोकांचा षट्कोणी तारा नेहमी असे, आणि वयाच्या उतारास रुग्णालयात पडून असता, १९६९ साली, त्याने ह्या कुटुंबाच्या आठवणी मुद्दाम लिहून काढल्या.

१९१२ सालच्या शेवटच्या रात्री नववर्षाच्या स्वागतासाठी लोक रस्त्यावर फटाके उडवीत होते. अकरा वर्षांच्या लुईने घरातील पिस्तूल आणून हवेत बार काढला. गोळी पोकळ होती व कोणास इजा झाली नाही. पण पोलिसाने त्यास तेथेच पकडले आणि दुसऱ्या दिवशी न्यायाधीशाने त्याची रवानगी कृष्णवर्णीय अनाथ मुलांच्या सुधारगृहात केली. त्या गृहाची शिस्त कडक होती. तेथे पीटर डेव्हिस नावाचे शिक्षक मुलांचा बँड चालवीत. रणभूमीतून आलेल्या ह्या पोराविषयी त्यांचे मत प्रथम फार वाईट होते आणि काही काळ त्यांनी त्यास वाद्यास हात लावू दिला नाही. मग डफ दिला, नंतर ढोल, मग बिगुल आणि शेवटी कॉर्नेट. काही महिन्यांनी तो त्या बँडचा नायक झाला. बँड वाजवीत ती मुले एकदा त्याच्या जुन्या वस्तीतून गेली, तेव्हा तेथील जुगारी, बदनाम बाया, हमाल सर्वांनी मेॲनच्या पोरावर नाण्यांचा असा वर्षाव केला, की त्यातून साऱ्या बँडला नवे गणवेश व वाद्ये घेता आली. ही हकीकत त्याने स्वतःच लिहून ठेविली आहे. मुलांच्या बँडला जे वाचक वर्गणी देण्यास कुरकुर करितात, त्यांनी ही गोष्ट दोनदा वाचावी!

१६ जून १९१४ रोजी त्याची सुटका झाली. दिवसा कोळशाची गाडी हाकावी, रात्री मिळेल तेथे वाजवावे, असे दिवस गेले. नगरातील श्रेष्ठ कॉर्नेटवादक जो ऑलिव्हर ह्याने त्यास शिष्य केले आणि आपले एक जुने कॉर्नेट दिले. १९१८ साली ऑलिव्हर शिकागोस गेला तेव्हा किड ओरी ह्याच्या वाद्यवृंदातील त्याची जागा लुईस मिळाली. त्यानंतर मिसिसिपीवरील उतारूंच्या आगबोटींवर तीन हंगाम नोकरी झाली. तेथे कानाने वाजवून भागत नसे. लिहिलेली स्वरलिपी वाचता यावी लागे, आणि ती विद्या तो तेथे शिकला. त्याची नात्यातील एक बहीण लहान मूल मागे ठेवून वारली. क्लॅरेन्स नावाच्या त्या मुलास लुईने आपले मानले. ते मूल पुढे पडून डोक्यास मार लागल्यामुळे मतिमंद झाले. तरी लुईने त्याचा भार शेवटपर्यंत वाहिला.

८ ऑगस्ट १९२२ रोजी ऑलिव्हरची तार आली आणि लुईने जन्मनगर सोडले. पुढील काही वर्षांची कीर्ती सर्व ग्रंथांतून सांगितली आहे. आम्ही ती थोडक्यात आटोपतो. ऑलिव्हरच्या वृंदात त्यांनी १९२३ साली पहिले ध्वनिमुद्रण केले. १९२४ साली लिल हार्डिन ह्या वाद्यवृंदातील पियानोवादिकेशी विवाह केला. तिच्याच आग्रहाने गुरूच्या सावलीतून बाहेर पडून ते न्यूयॉर्कला फ्लेचर हेंडरसन ह्यांच्या वाद्यवृंदात गेले. १९२५ ते १९२८ ह्या काळात शिकागोत त्यांनी आपल्या लहान वृंदांसह ज्या ध्वनिमुद्रिका केल्या, त्यांनी ह्या संगीताची दिशाच पालटली. तोवर सर्वजण मिळून वाजवीत. आर्मस्ट्राँग ह्यांनी एका वादकाने एकट्याने उभे राहून आपल्या मनातील सारे एका दमात सांगावयाचे, ही रीत प्रतिष्ठित केली. आपल्या मैफलीतील गवई बंदिशीस धरून जसा विस्तार करितो, तसाच काहीसा हा प्रकार होय. जून १९२८ मधील ‘वेस्ट एंड ब्लूज’ ही ध्वनिमुद्रिका तीन मिनिटांहून थोडी अधिक आहे. तिच्या आरंभी ते एकटेच ट्रंपेट वाजवितात. तेवढे ज्याने ऐकले त्यास आणखी वर्णन करून सांगणे नलगे.

त्यांचे दोषही लपवीत नाही. त्यांचे एकूण चार विवाह झाले. गांजा ओढण्याची सवय त्यांस तरुणपणी लागली ती सुटली नाही, आणि त्यापायी कॅलिफोर्नियात त्यांस थोडे दिवस तुरुंगातही बसावे लागले. पण ज्यांनी उपकार केले त्यांस ते विसरत नसत. गुरू ऑलिव्हर दैव फिरल्याने सव्हाना गावी रस्त्यावर भाजी विकीत असता १९३७ साली ह्यांच्या दृष्टीस पडला, तेव्हा खिशात होते ते सर्व पैसे त्यांनी गुरूच्या हातावर ठेविले. पुढील वर्षी ऑलिव्हर वारला.

जन्मनगराने त्यांस कसे वागविले, ह्या भागापाशी आम्हांस थोडे थांबावयाचे आहे. जून १९३१ मध्ये, नऊ वर्षांनी, ते प्रथमच परत आले. स्टेशनावर बँड वाजत होते, लोकांची दाटी झाली होती. ते सुधारगृहास गेले, जुन्या गुरुजींस भेटले. गरीब मुलांच्या एका बेसबॉल संघास त्यांनी पोशाख करून दिले. परंतु ज्या उपवनात त्यांचे वादन ठरले होते तेथे फक्त गोऱ्यांस प्रवेश होता. हजारो कृष्णवर्णीय लोक बाहेर नदीच्या बांधावर बसून खिडक्यांतून येणारे सूर ऐकत होते. पहिल्या रात्री रेडिओवर निवेदन करणाऱ्या गोऱ्या माणसाने कृष्णवर्णीयाचे नाव पुकारण्याचे नाकारले, तेव्हा आर्मस्ट्राँग ह्यांनी वृंदास स्वर धरावयास सांगितले आणि आपला परिचय आपणच करून दिला. मुक्कामाच्या अखेरीस आपल्या लोकांसाठी त्यांनी एक निराळा कार्यक्रम योजिला होता. दूरदूरच्या खेड्यांतून लोक त्यासाठी आले, आणि ऐनवेळी दारे बंद ठेवून तो रद्द करण्यात आला.

१९४९ साली पुन्हा ते आले ते राजा होऊन. झूलू नावाच्या कृष्णवर्णीयांच्या साहाय्यमंडळाची मंगळवारची मिरवणूक प्रसिद्ध होती, आणि तिचा राजा होणे हे रणभूमीतील प्रत्येक पोराचे स्वप्न. त्या वर्षी १ मार्च रोजी तोंडास काळा व पांढरा रंग फासून, मुकुट घालून ते रथावर बसले. शिकलेल्या तरुण कृष्णवर्णीयांस हा वेष अपमानास्पद वाटला व त्यांनी कठोर टीका केली. टीका अगदीच अस्थानी होती असे आम्ही म्हणत नाही. पण जो बालपणी रस्त्याच्या कडेला उभा राहून त्या राजाकडे पाहत असे, त्यास त्या दिवशी काय वाटले असेल हेही ध्यानी घ्यावयास हवे. त्याच वर्षी शरद ऋतूत युरोपच्या दौऱ्यात पत्नी ल्युसिल हिच्यासह त्यांस पवित्र पिता बारावे पायस ह्यांची भेट लाभली.

१९४७ पासून त्यांच्या वृंदात गोरे व काळे एकत्र वाजवीत. जॅक टीगार्डन हे गोरे ट्राँबोनवादक त्यांचे जिवलग मित्र होते. १९५६ साली लुइझियाना राज्याने असा कायदा केला, की गोरे व काळे ह्यांनी एकत्र खेळू नये व एकत्र करमणूकही करू नये. त्यावर आर्मस्ट्राँग ह्यांनी निश्चय केला: ज्या नगरात माझ्या वृंदास एकत्र बसता येत नाही तेथे मी वाजविणार नाही. सदा हसणारा, रुमालाने घाम टिपणारा, गोऱ्यांस खूष ठेवणारा, असे ज्यांस लोक हिणवीत, त्यांनी हा निश्चय नऊ वर्षे पाळला. १९५७ साली लिटल रॉक गावी कृष्णवर्णीय मुलांस शाळेत जाऊ दिले नाही, तेव्हा त्यांनी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर ह्यांच्यावर उघड टीका केली आणि सरकारतर्फे रशियास जाण्याचा बेत सोडून दिला. बाहेर सारे जग त्यांचे स्वागत करीत होते. १९५६ साली आक्रा येथे अफाट जनसमुदाय त्यांस ऐकावयास लोटला. जगभर मान आणि जन्मनगरात मात्र बंदी! आपल्या गावी व आपल्या घरी संदेष्ट्यास मान नसतो, ह्याचा दाखला शोधावयास दूर जावे लागत नाही.

१९६४ सालच्या कायद्याने अमेरिकेत सार्वजनिक ठिकाणचा वर्णभेद बेकायदा ठरला आणि ऑक्टोबर १९६५ मध्ये ते न्यू ऑर्लिन्सला परतले. पण एक गोष्ट राहून गेली होती. जेन ॲली नावाच्या गल्लीत ज्या खोपटात त्यांचा जन्म झाला, ते १९६४ सालीच पाडून टाकण्यात आले होते. त्या परिसरात पोलिसांच्या व न्यायालयाच्या इमारती उठल्या. ज्यास एका बारासाठी पोलिसांनी धरले, त्याचे जन्मघर पोलिसांच्याच सोयीसाठी गेले, हा योगायोग कोणी कादंबरीत लिहिला असता तर आम्ही तो अतिशयोक्त म्हटला असता.

६ जुलै १९७१ रोजी न्यूयॉर्क नगरातील क्वीन्स भागात, जेथे ते १९४३ पासून राहत होते त्या साध्या घरी, झोपेतच त्यांस मृत्यू आला. दोनच दिवसांपूर्वी त्यांचा एकाहत्तरावा वाढदिवस झाला होता. कारण आपला जन्म ४ जुलै १९०० रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी झाला असे ते आयुष्यभर मानीत व सांगत आले. वस्तुतः त्यांस सत्तर वर्षेही पुरी झाली नव्हती. १९८० नंतरच्या दशकात न्यू ऑर्लिन्सचे इतिहाससंशोधक टॅड जोन्स ह्यांच्या शोधात पवित्र हृदयाच्या देवळाची ती वही आली, आणि जगातील सर्व कोशांतील तारीख दुरुस्त करावी लागली.

आता नगराने हा वारसा कसा जपला तेही सांगितले पाहिजे. नगरातील रसिकांनी १९४८ साली जॅझचे मंडळ काढले. टुलेन विद्यापीठात १९५८ साली जुन्या वादकांच्या मुलाखती ध्वनिफितींवर घेऊन त्यांचा संग्रह सुरू झाला. १९६१ साली फ्रेंच वस्तीत प्रिझर्व्हेशन हॉल नावाची एक लहानशी वास्तू उघडली, जेथे मागे पडलेल्या वृद्ध वादकांस पुन्हा श्रोते मिळाले. त्याच वर्षी जॅझचे संग्रहालयही उघडले. सुधारगृहात लुईच्या हाती आलेले मानले जाणारे कॉर्नेट आज ह्या संग्रहालयात ठेविले आहे. १९७० साली काँगो चौकात पहिला मोठा जॅझ महोत्सव झाला. मात्र ह्याच वर्षांत ट्रेमे ह्या जुन्या कृष्णवर्णीय वस्तीतील घरांचे ठोकळेच्या ठोकळे पाडले गेले आणि तिच्या मुख्य रस्त्यावरील ओकची झाडे तोडून वरून उंच महामार्ग नेला गेला. मोकळ्या झालेल्या त्या जागेवर उद्यान केले आणि १९८० साली त्यास आर्मस्ट्राँग ह्यांचे नाव दिले. वादकांची घरे पाडावयाची आणि तेथे वादकाचा पुतळा उभारावयाचा, हे आपल्याकडेही अपरिचित नाही.

त्याहून आम्हांस डॅनी बार्कर ह्या वृद्ध वादकाचे काम अधिक मोलाचे वाटते. १९७० च्या सुमारास नगरातील मिरवणुकींचे बँड नामशेष होत चालले होते. बार्कर ह्यांनी फेअरव्ह्यू बॅप्टिस्ट चर्चच्या आश्रयाने वस्तीतील मुले गोळा केली व त्यांस जुन्या चाली शिकविल्या. त्या मुलांतून पुढे जे वादक निघाले त्यांनी बँडची परंपरा पुन्हा उभी केली. २००५ सालच्या कॅटरिना वादळाने नगर बुडाले व वादक देशोधडीस लागले, तेव्हा ब्रॅनफर्ड मार्सालिस व हॅरी कॉनिक ह्या नगरपुत्रांच्या पुढाकाराने संगीतकारांची एक वसाहत बांधण्यात आली. तीत बहात्तर घरे आहेत. उलट, साउथ रॅम्पार्ट स्ट्रीटवरील कार्नोफ्स्की कुटुंबाचे दुकान राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदविलेले असूनही वर्षानुवर्षे रिकामे पडून होते. दुरुस्तीच्या योजना होत राहिल्या, आणि २९ ऑगस्ट २०२१ च्या आयडा वादळात ते कोसळले.

ह्या संगीताचा आपल्या लोकांशी काय संबंध, असे कोणी विचारील. तो आहे. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांतून मुलांस देवळातील गायनासाठी स्वरलिपी व व्हायोलिन शिकवीत. ती विद्या घेऊन शेकडो तरुण पोटासाठी मुंबईस आले. १९३५ साली लिऑन ॲबी ह्यांचा कृष्णवर्णीय वृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला आणि ह्या गोवेकर वादकांस नवे गुरू मिळाले. हळदोण्याचे अँटोनिओ झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, हे ट्रंपेट असे वाजवीत व गात, की लोक त्यांस हिंदुस्थानचे आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्र ह्यांच्या १९५१ सालच्या ‘अलबेला’ चित्रपटात ते आपल्या वृंदासह पडद्यावरही दिसतात. १९६७ साली ते वारले. मुंबईच्या हॉटेलांतून रात्री जॅझ आणि दिवसा चित्रपटांसाठी वादन करणाऱ्या अशा कित्येक कॅथलिक वादकांची नावे चित्रपटांच्या श्रेयनामावलीत कधी आलीच नाहीत. त्यांपैकी पुष्कळांची पहिली व शेवटची लेखी नोंद कोणत्या ना कोणत्या देवळाच्या वहीतच असावयाची.

आमच्या तरुणपणी आम्ही एका जुन्या धर्मग्रामात सहायक होतो. बँडमध्ये जन्मभर क्लॅरिनेट वाजविलेले एक वृद्ध गृहस्थ निवृत्तिवेतनाच्या कामी बाप्तिस्म्याचा दाखला मागावयास आले. आम्ही वही काढली. त्यांच्या वर्षाची पाने वाळवीने खाल्ली होती; हाती घेतली ती भुगा होऊन गळाली. ते गृहस्थ काही बोलले नाहीत. भुगा हाताने गोळा करून त्यांनी तो टेबलाच्या कडेला नीट लावून ठेविला आणि ते निघून गेले. त्यांचा चेहरा आम्हांस अजून आठवतो. ह्या महोत्सवात आपल्या धर्मग्रामाच्या साऱ्या वह्यांची छायाचित्रे घेऊन ती दोन ठिकाणी ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. ज्यांच्या घरी जुन्या बँडची छायाचित्रे, स्वरलिपीची हस्तलिखिते अथवा वाद्ये असतील, त्यांनी ती पाहावयास आणावी. नक्कल करून घेऊन मूळ वस्तू ज्याची त्यास परत दिली जाईल.

न्यू ऑर्लिन्समध्ये २००१ पासून दरवर्षी आर्मस्ट्राँग ह्यांच्या नावाने उत्सव भरतो. तो जुलैत नव्हे, त्या वहीतील तारखेस धरून ऑगस्टच्या आरंभी भरतो. रविवारी सकाळी ट्रेमे वस्तीतील संत ऑगस्टीनच्या देवळात मिस्सा होते. हे देऊळ १८४२ सालचे; ते उभे राहिले तेव्हा स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी आपल्या पैशांनी बाके विकत घेऊन काही बाके गुलामांस बसण्यासाठी दिली होती. मिस्सेत ट्रंपेट व ढोल वाजतात. मिस्सा संपली की बँड दारातून बाहेर पडतो, आणि देवळातले लोक छत्र्या उघडून त्याच्या मागून रस्त्यावर चालू लागतात.